इंजेक्टरवर आळ घेण्याआधी

गाडी मिस मारत, म्हणजे एखादं सिलेंडर न पेटता धक्के खात, गॅरेजात आली की नवं पोरगं बॉनेट उघडायच्या आधीच सांगून मोकळं होतं, "इंजेक्टर गेलाय." कशावरून, म्हणून विचारलं की गप्प. त्याला हसायचा मला हक्क नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका गावातून एक गाडी माझ्याकडे आली होती, पावसाळाभर गोठ्याला लागून उभी केलेली. तिसरं सिलेंडर काम करत नव्हतं. मी तिसरा इंजेक्टर बदलला, गाडी गुळगुळीत चालायला लागली, पैसे घेतले. चौथ्या दिवशी तीच गाडी, तीच तक्रार. या खेपेला वायर हाताने चाचपत मागे मागे गेलो तर ती उंदरानं कुरतडलेली. आत तांब्याच्या दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक. पहिल्या वेळी कपलर, म्हणजे वायरच्या टोकाचं खोचायचं तोंड, काढताना-घालताना त्या तारा हलून जोड लागला होता आणि मी समजलो, नव्या इंजेक्टरचा गुण! गिऱ्हाइकाचे पैसे परत केले. जुना इंजेक्टर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, ठणठणीत.

आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत, नाहीतर निपाणी-संकेश्वरच्या हमरस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात नुकत्याच हाताला ग्रीस लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. आपल्या गाडीत काय चाललंय हे कळावं अशी हौस असलेल्या मालकांनीही वाचावं. आपल्याकडे पंचाईत अशी, की मॅन्युअल इंग्रजीत, गिऱ्हाईक कानडीत सांगणार "स्टार्ट आगवल्दु" (सुरूच होत नाही), आणि आपलं डोकं चालणार मराठीत. त्यातल्या त्यात बरं म्हणजे "मिसिंग" हा शब्द तिन्हीकडे तोच आहे.

आत असतं काय

खणातला तो इंजेक्टर हातात घ्या. जेमतेम बोटाएवढा. वरच्या टोकाने पेट्रोल आत येतं, खालच्या टोकातून ते मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर उडतं. मध्ये प्लास्टिकचं तोंड, त्यात दोन पिना. दोन्ही टोकांना एकेक रबरी ओ-रिंग.

मी एक भंगारातला इंजेक्टर हॅकसॉने उभा कापून ठेवलाय. नवीन पोराला पहिल्या दिवशी तोच दाखवतो, कारण एकदा बघितलं की डोक्यातलं निम्मं भूत उतरतं. आत तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइलच्या पोटात लोखंडी दट्ट्या. दट्ट्याला जोडलेली सुई. आणि सुईला खाली दाबून धरणारी बारीक स्प्रिंग. संपलं. करंट नसला की स्प्रिंग सुईला बैठकीवर दाबून ठेवते, दार बंद. करंट आला की कॉइल लोहचुंबक होते, दट्ट्याला वर ओढते, सुई उठते. किती उठते? मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्या फटीतून दाबाखालचं पेट्रोल खालच्या चकतीच्या बारीक भोकांतून फवारा होऊन बाहेर पडतं. करंट तुटला की स्प्रिंग सुईला परत खाली आपटते. इंजिन चालू असताना जी टकटक ऐकू येते ती हीच.

वरच्या टोकात एक इवलीशी जाळी असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. टाकीतल्या मुख्य फिल्टरमधून निसटलेला कचरा अडवायचं शेवटचं ठिकाण ते, आणि "इंजेक्टर चोक झाला" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा सुई शाबूत असते, चोक झालेली असते ती जाळी.

इंजेक्टर किती पेट्रोल सोडायचं हे ठरवत नाही. ते त्याच्या हातातच नाही. हे पक्कं डोक्यात बसलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

दारं धरणं

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. पाटात पाणी एका पातळीला आहे, सरीचं दार एका मापाचं आहे. मग सरीला किती पाणी गेलं? दार जितका वेळ उघडं ठेवलं तितकं. दारं धरणारा माणूस पाणी मोजत नाही, वेळ बघतो.

गाडीत पाटाची पातळी सांभाळायचं काम टाकीतल्या पंपाचं आणि प्रेशर रेग्युलेटरचं. वेळ बघायचं काम ईसीएमचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं. इंजेक्टर म्हणजे नुसतं दार. तेव्हा एखाद्या सरीला पाणी कमी पडलं तर दाराला शिव्या देण्याआधी दोन प्रश्न: पाटात पाणी आहे का, आणि दारं धरणारा जागा आहे का?

आधी पाट. साध्या पेट्रोल गाड्यांत, म्हणजे ज्यांत इंजेक्टर मॅनिफोल्डवर बसतात त्यांत, फ्युएल रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब साधारण ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा, दुसऱ्या गाडीवरून अंदाज करायचा नाही. दाब कमी झाला तर पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही, हिशोब वर्गमुळाचा असतो. ३ बारचा दाब २ बारवर आला तर इंजेक्टर तेवढ्याच वेळात सुमारे १८ टक्के कमी पेट्रोल सोडतो. म्हणूनच पंप अर्धा मेला तरी गाडी लगेच बंद पडत नाही. गावात बरी चालते, घाटात दम सोडते. मालक म्हणतो पिकअप नाही, आणि आपण इंजेक्टर साफ करत बसतो.

मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, म्हणजे व्हॅक्यूम. इंजेक्टरच्या खालच्या तोंडाला ती ओढ लागते आणि त्यामुळेही पेट्रोल जास्त खेचलं जातं. जुन्या गाड्यांत रेलवरच्या रेग्युलेटरला म्हणून एक बारीक व्हॅक्यूम पाइप असतो. ओढ वाढली की तो रेलचा दाब तेवढाच उतरवतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, परतीची लाईन नसते, आणि ओढीचा हिशोब ईसीएम स्वतः वेळ कमी-जास्त करून भागवतो. गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे आधी बघून घ्या, कारण चाचणी बदलते.

आता वेळ. इथे थोडं गणित, पण एकदा कागदावर करून बघाच. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलेंडरला एकदा पेट्रोल लागतं. आरपीएम ८०० असेल तर दोन फेऱ्यांना लागतात १५० मिलिसेकंद. त्यातले इंजेक्टर उघडा असतो सुमारे अडीच-तीन मिलिसेकंद, बाकी वेळ बंद. एका वेळी जे पेट्रोल पडतं ते पाण्याच्या एका थेंबाचा सातवा-आठवा हिस्सा. ६००० आरपीएमला दोन फेऱ्या अवघ्या २० मिलिसेकंदात होतात, आणि गाडी ओझ्याखाली असेल तर त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ दार उघडंच. बेळगावहून कोल्हापूरला दोन तासांत, सरासरी अडीच हजार आरपीएमनं गेलात, तर एकेका इंजेक्टरची सुई दीड लाख वेळा उठून बसते. एवढी राबणारी वस्तू लाखभर किलोमीटर सहज टिकते, तरी पहिला आळ तिच्यावरच.

सुईला उठायलाही वेळ लागतो. करंट मिळाला आणि सुई उठली यात साधारण एक मिलिसेकंद जातो. बॅटरी उतरलेली असेल तर जास्त, कारण कॉइलला जोर कमी. ईसीएमला हे माहीत असतं, तो व्होल्टेज बघून तेवढा वेळ वाढवून देतो. पण सेल्फ मारताना बॅटरी ९ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर त्याची हुशारी पुरत नाही. सकाळी गाडी सुरू होत नाही, ढकलून होते, अशी तक्रार असेल तर आधी बॅटरीची टर्मिनलं बघा. पांढरं-हिरवं साचलंय का?

दारं धरणाऱ्याचे डोळे

ईसीएमला स्वतःला काही दिसत नाही, सगळं सेन्सर सांगतात. क्रँक सेन्सर इंजिनचा वेग आणि पिस्टन कुठे आहे ते सांगतो. तो गप्प झाला तर ईसीएम एकाही इंजेक्टरला हुकूम देत नाही. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर, या दोघांवरून आत किती हवा आली ते कळतं. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर सांगतो इंजिन गार की गरम. गार इंजिनला जास्त पेट्रोल लागतं. ॲक्सिलरेटर किती दाबला ते थ्रॉटलचा सेन्सर सांगतो. आणि सायलेन्सरच्या पाइपात बसलेला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो: जळून गेल्यावर ऑक्सिजन उरला की नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ऑक्सिजन उरला तर पेट्रोल कमी पडलं, वेळ वाढवा. उरला नाही तर जास्त झालं, वेळ कमी करा. सेकंदासेकंदाला हा खो-खो चालू असतो.

शिसं घातलेलं पेट्रोल या ऑक्सिजन सेन्सरला आणि धुरातलं विष कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारून टाकायचं. २००० सालापासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आल्यावरच ही सगळी व्यवस्था आपल्या रस्त्यांवर सर्रास झाली. तंत्र तसं जुनं. बॉशनं अशी इलेक्ट्रॉनिक पद्धत १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बसवली होती. आपल्या दुचाक्यांत मात्र ती सरसकट दिसायला लागली बीएस-६ या धुराच्या नियमांमुळे, १ एप्रिल २०२० नंतर. त्यामुळे आता स्कूटरवाल्या मिस्त्र्यालाही हे शिकणं चुकत नाही. तिथे इंजेक्टर एकच, बाकी तत्त्व हेच.

बेळगावच्या पोरांना मॅप सेन्सरची एक फुकटची चाचणी आहे, ती शिकून ठेवा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. हवा इथे गोव्यापेक्षा आठेक टक्के विरळ. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीला गेलात की दोन तासांत तुम्ही दाट हवेत पोचता. कार्ब्युरेटरच्या काळात बेळगावात नीट लावलेली गाडी खाली उतरल्यावर पेट्रोलला कमी पडायची, आणि खालची गाडी वर आली की काळा धूर टाकायची. इंजेक्शनच्या गाडीला याचं सुखदुःख नाही, कारण चावी ऑन केल्याक्षणी मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब वाचून घेतो. तोच आकडा स्कॅनरवर बघा, इंजिन सुरू न करता. बेळगावात तो ९२-९३ किलोपास्कलच्या आसपास हवा. १०१ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय: गाडी गोव्यात आहे असं समजून तो ईसीएमला जादा पेट्रोल सोडायला लावणार. ॲव्हरेज पडलं, प्लग काळे झाले, इंजेक्टर गळतोय असं सगळेजण म्हणणार. दुरुस्ती म्हणाल तर एक सेन्सर आणि दोन स्क्रू.

तपासायचा क्रम

आमच्याकडे क्रम असा: कान, स्कॅनर, मल्टिमीटर, गेज, आणि पाना सगळ्यात शेवटी. पोरं नेमकं उलटं करतात.

कान. गाडीत बसा, रेडिओ-पंखा बंद, चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद "झूंऽऽ" असा आवाज आला पाहिजे. तो पंप. बहुतेक गाड्यांत तो ऐकू येतोच. आला नाही तर फ्यूज, रिले, पंपाचं कपलर, या क्रमानं. इंजेक्टरकडे अजून जायचंच नाही. आवाज आला तर गाडी सुरू करा, लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजेक्टरच्या अंगावर, मूठ कानाच्या हाडाशी. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाही सांभाळा. चारही इंजेक्टर एकेक करून ऐका. टकटक सारखी हवी. एखादा गप्प असेल तर त्याला हुकूम पोचत नाही किंवा सुई अडकली. एखादा बद्द वाजत असेल तर आत चिकटा साचलाय. गाडी सुरूच होत नसेल आणि सेल्फ मारताना चारही गप्प असतील, तर चार इंजेक्टर एकाच दिवशी मरत नाहीत! क्रँक सेन्सर, मेन रिले, नाहीतर चावीचा इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरोधी कुलूप.

स्कॅनर. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. महागडं यंत्रच हवं असं नाही, मोबाईलला जोडणारा लहान डोंगलही सुरुवातीला पुरतो. पी-०२०१ ते पी-०२०४ हे कोड म्हणजे त्या-त्या नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये बिघाड. नीट वाचा, *सर्किटमध्ये*. त्यात वायर आली, कपलर आला, कॉइल आली. पी-०३०१ ते पी-०३०४ म्हणजे त्या सिलेंडरमध्ये मिसिंग, मग कारण प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं.

कोडपेक्षा मला फ्युएल ट्रिमचा आकडा जास्त बोलका वाटतो. ईसीएम ठरलेल्या वेळेपेक्षा किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते तिथे दिसतं. प्लस-मायनस पाचाच्या आत असेल तर खुशाल. प्लस पंधरा-वीस असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा चोरून हवा शिरतेय. मग गाडी उभ्यानं रेस करून बघा: रेस केल्यावर आकडा खाली आला तर मॅनिफोल्डचं गास्केट नाहीतर फुटका व्हॅक्यूम पाइप, रेस केल्यावर आणखी वाढला तर पंप, फिल्टर, नाहीतर तुंबलेले इंजेक्टर. मोठा मायनस असेल तर जादा पेट्रोल कुठूनतरी येतंय. गळका इंजेक्टर हे त्यातलं एक कारण. एकमेव नव्हे.

हे वाचताना आजकाल एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतंय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत ते असतं. शुद्ध इथेनॉलला जळायला फक्त सुमारे ९ पट हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला ते जास्त सोडावं लागतं. जुन्या गाडीत त्यामुळे ट्रिम चार-सहा टक्के प्लसमध्ये सरकलेला दिसला तर घाबरू नका, ईसीएम आपलं काम करतोय. पण इथेनॉल पाणी शोषतं. खानापूर-जांबोटीच्या पावसात तीन महिने अर्ध्या टाकीनं उभी राहिलेली गाडी आली तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवून द्या. खाली वेगळा थर बसला तर पाणी आहे. ते आधी काढा, टाकी धुवा. इंजेक्टर साफ करून वरून तेच पाणी सोडण्यात काय अर्थ?

आणि एक सीमेवरची खास खोड. आपल्याकडे पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून कोगनोळीच्या अलीकडे पलीकडच्या गाड्या रांग लावतात आणि नळी "कट" झाल्यावरही आणखी दोन-चारदा दाबून काठोकाठ भरून घेतात. टाकीतली वाफ गोळा करणारा कोळशाचा डबा असतो, त्यात मग पेट्रोलच शिरतं. पुढच्या वेळी गाडी सुरू व्हायला त्रास, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, ट्रिम मायनस. गिऱ्हाइकाला विचारा, "टाकी फुल्ल केल्यावरच असं होतंय का?" हो म्हणाला तर इंजेक्टरला हात लावू नका, तो डबा (कॅनिस्टर) आणि त्यातली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह बघा.

मल्टिमीटर. मिसिंग कोणत्या सिलेंडरचं ते कळलं नसेल तर इंजिन चालू ठेवून इंजेक्टरची कपलरं एकेक करून काढा. ज्याचं काढल्यावर आरपीएम पडत नाही, ते सिलेंडर काम करत नाही. हे करताना इग्निशन कॉइलची कपलरं काढत बसू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, आणि तो भाग इंजेक्टरपेक्षा कितीतरी महाग. मग इंजिन बंद करून त्या इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहम येतात. पण नुसता आकडा बघू नका, चारही मोजून एकमेकांशी ताडा. तीन चौदा दाखवतायत आणि एक वीस, तर त्या एकाकडे बोट. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

इंजेक्टर बरोबर निघाला तर कपलरकडे या. चावी ऑन केल्यावर एका वायरला बॅटरीएवढं व्होल्टेज कायम हवं. दुसरी वायर ईसीएमकडे जाते, आणि ईसीएम तिला क्षणभर अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोड) देतो, तेव्हाच सुई उठते. तो अर्थ मिटरवर धड दिसत नाही, म्हणून कपलरमध्ये नॉइड लाईट म्हणजे तपासणीचा छोटा एलईडी खोचून सेल्फ मारा. लुकलुकला तर हुकूम येतोय. इथे हेडलाईटचा बल्ब लावायची जुन्यांची सवय आहे, ती उचलू नका. तेवढा करंट ओढल्यावर ईसीएममधला इंजेक्टर चालवणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, जळतो. आणि वायर हाताने चाचपा, इंजिनापासून ईसीएमपर्यंत. उंदराची गोष्ट मी उगाच नाही सांगितली.

सगळ्यात खात्रीची चाचणी अदलाबदलीची. संशयित तिसरा इंजेक्टर पहिल्यावर, पहिला तिसऱ्यावर. मिसिंग इंजेक्टरबरोबर पहिल्यावर गेलं, तर इंजेक्टर दोषी. तिसऱ्यावरच राहिलं, तर तो निर्दोष. माझ्या त्या गाडीवर मी हे केलं असतं तर? पण त्यासाठी इंजेक्टर काढावे लागतात, म्हणून गेजनंतर.

गेज. रेलला चाचणीचं तोंड असेल तर तिथे, नाहीतर लाईनमध्ये टी घालून दाब बघा: चावी ऑनला, चालू इंजिनला, रेस केल्यावर, आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं. बंद केल्यावर दाब धडाधड उतरला तर कुठेतरी गळतंय: पेट्रोल उलट परत जाऊ न देणारा पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नाहीतर इंजेक्टर. रेलवर रेग्युलेटर असलेल्या गाडीत त्याचा व्हॅक्यूम पाइप चालू इंजिनवर उपसा. दाब अर्धा बार वर गेला पाहिजे. आणि त्या पाइपातून पेट्रोलचा एक थेंब जरी आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. पेट्रोल तिकडून थेट मॅनिफोल्डमध्ये जातं आणि शिव्या इंजेक्टरला बसतात.

काढावाच लागला तर

रेल उघडण्याआधी दाब सोडायचा. चालू इंजिनवर पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडू द्या, वर दोन-तीन सेकंद सेल्फ. मग बॅटरीची मायनस काढा. जोडावर फडकं धरूनच सैल करा, थोडं पेट्रोल येणारच. गॅरेजात बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर सगळं बंद. आग विझवायचा सिलेंडर हाताशी. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

इंजेक्टरच्या बुडाभोवतीची धूळ-चिखल आधी हवेनं उडवा, नाहीतर काढल्यावर ती थेट व्हॉल्व्हवर पडते. रेल चारही इंजेक्टरसकट सरळ वर उचला, एका बाजूने उचकटू नका. भोकं तारेनं किंवा टाचणीनं साफ करायचा मोह होईल. करू नका. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी ती भोकं असतात, एक ओरखडा पडला तरी फवाऱ्याची धार होते. १२ व्होल्ट थेट लावून "टक" वाजवून बघायचं असेल तर क्षणभर टेकवून लगेच काढा. धरून ठेवलं तर कॉइल तापून जाते, कमी ओहमचा इंजेक्टर असेल तर तत्काळ.

फवारा आणि मोजमाप उघड्यावर, गाडीच्या रेलवरच बाटल्या लावून बघणारे आहेत. उघडं पेट्रोल आणि शेजारी ठिणगी, हे मला पटत नाही. ज्याच्याकडे ध्वनिलहरींनी साफ करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र आणि फवारा मोजायचं टेस्ट बेंच आहे त्याच्याकडे चारही पाठवा. बघायचं ते एवढंच: चारही नळ्यांत पातळी सारखी भरते का, फवारा पंख्यासारखा आहे की धार, आणि दाबाखाली बंद ठेवल्यावर टिपकतो का. मिनिटाला एका थेंबापेक्षा जास्त गळायला नको. साफ करायच्या आधीचं आणि नंतरचं मोजमाप दोन्ही मागून घ्या. फक्त नंतरचं दाखवणाऱ्यावर माझा भरवसा नाही. जाळ्या नव्या घालून घ्या.

परत बसवताना ओ-रिंग नव्याच. जुन्या चपट्या होतात, वरची गळली तर आग, खालची गळली तर चोरून हवा. त्यांना इंजिन ऑइलचं बोट लावा, ग्रीस नको, सिलिकॉन तर नकोच. सरळ दाबून बसवा. हाताने थोडा फिरला पाहिजे, फिरत नसेल तर रिंग मुडपलीय. मग सेल्फ मारण्याआधी चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून दाब भरा आणि प्रत्येक जोडावर बोट फिरवून नाकाला लावा.

डिझेलवाल्यांना एकच गोष्ट, पण ती ऐकाच. आपल्याकडे ट्रॅक्टरवर हात बसलेला मिस्त्री चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून कोणतं सिलेंडर मेलंय ते बघतो. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीत प्रचंड दाब साठवून सगळ्या इंजेक्टरना देणाऱ्या गाडीवर हे कधीही करायचं नाही. तिथे दाब हजार-दीड हजार बार आणि त्याहून वर असतो. ती बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल मांसात घालते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत बोट, कधी हात गमवावा लागतो. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी पाठवू नका, लगेच मोठ्या इस्पितळात न्या आणि "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरला सांगा. बऱ्याच डिझेल इंजेक्टरवर कोडही छापलेला असतो, नवा घातला की तो ईसीएममध्ये भरावा लागतो. स्कॅनर नसेल तर ते काम घेऊ नका.

पेट्रोल गाडीचं काम झालं की कोड पुसा, ट्रिम शून्यावर आणा आणि गाडी वंटमुरी घाटाच्या चढाला घालून आणा, एसी लावून, चौघं बसवून. सपाट रस्त्यावर लपलेलं मिसिंग तिथे हमखास बाहेर येतं. परत आल्यावर ट्रिम पुन्हा वाचा, कागदावर लिहा, आणि कुरतडलेली वायर जिथे जोडली असेल तिथे टेपच्या वर जाड नळी चढवलीय ना ते एकदा बघा. मग गिऱ्हाइकाला फोन.